डोहात बुडवलेली हद्द

त्या वर्षांत यवतमाळ जिल्ह्यात गाड्या फार येत. पांढऱ्या, काचा वर केलेल्या. माणसं उतरायची, वही काढायची आणि रामराम-जयभीम व्हायच्या आतच विचारायची की या गावात कोणी जिवाचं बरंवाईट करून घेतलं का. कापसाने जिल्ह्याला तेवढं एक नाव मिळवून दिलं होतं. उंबरडोहातही दोनदा गाडी आली. दोन्ही वेळा डोमाजीच पुढे झाला, लोटाभर पाणी दिलं आणि म्हणाला, "नाई भौ, आमच्या अथी तसं नाई झालं." पाहुण्यांचे चेहरे उतरले. चुकीच्या गावात आलो असं त्यांना वाटलं असावं. ते परत गाडीत बसले आणि धूळ उडवत गेले. खाली शंभर पावलांवर पैनगंगा वाहत होती, पण एकानेही मान वळवून तिकडे पाहिलं नाही. डोमाजीला खरा राग यायचा तो याचा.

न पाहिल्याचा राग यावा अशीच ती जागा होती. पांढरकवड्याहून निघालेली मोटार फाट्यावर सोडायची, दीड कोस सागाच्या रानातून चालायचं, की रान एकाएकी संपतं आणि जमीन उतरत जाते. खाली नदीचं रुंद पात्र, पलीकडे आंध्र. हिवाळ्यात वाळूच्या बेटावर चकवा बदकांची जोडपी उतरत, विटकरी अंगाची, दिवसभर एकमेकांना हाका मारणारी. पाणी ओसरलं की रेतीत डांगरवाड्या लागत आणि मार्च-एप्रिलात टरबुजांनी काठ हिरवा ठिपक्याठिपक्यांचा होई. करंजाच्या झाडांना तर मोजदादच नव्हती. वस्तीच्या पायथ्याशी नदी वळण घेते, तिथे डोह. त्याच्या कडेला एक जुनं उंबराचं झाड होतं, त्यावरून वस्तीचं नाव. उंबर त्र्याऐंशीच्या पुरात गेला, खाली मुळांचं कडं तेवढं खडकाला धरून राहिलं. डोह मात्र कुठल्याच उन्हाळ्यात आटला नाही.

डोहापासून रानापर्यंत जी गाळाची काळी पट्टी आहे तिच्यावर अकरा बौद्ध घरं शेती करत होती. बोंडअळी आली, लाल्या आला, बियाण्याच्या पिशव्यांवरची चित्रं बदलली, तरी ही पट्टी माणसाला उपाशी ठेवत नव्हती. फक्त ती त्यांची नव्हती. वनखात्याच्या नकाशात तिचा रंग हिरवा होता. सातबारा नाही म्हणून गारपिटीच्या भरपाईत नाव नाही, पुराच्या भरपाईत नाव नाही, आणि उद्या कोणी उठा म्हणालं तर उठण्यावाचून इलाज नाही.

दोन हजार आठ साली वनहक्काचा कायदा गावोगाव पोचला तेव्हा डोमाजीचा मुलगा राजदीप कागद घेऊन नाचतच आला. तो वस्तीच्या वनहक्क समितीचा सचिव झाला होता, दहावी पास, बोलायला तिखट. कागद त्याने विहारात सगळ्यांसमोर वाचला आणि वाचता वाचता त्याचा आवाज खाली गेला. आदिवासींना दोन हजार पाचचा ताबा दाखवला की पुरे होतं. शेजारच्या कोलामपोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या पाड्यावरच्या लोकांचं काम सोपं होतं. बाकीच्यांनी मात्र तीन पिढ्यांची वस्ती दाखवायची, म्हणजे पंच्याहत्तर वर्षांची. एकोणीसशे तीसच्या आधीची.

"तीसच्या आधीचा मानूस कोन हाये आपल्यात?" राजदीपने विचारलं.

कोणीच नव्हतं. सगळ्यांत मोठा डोमाजी आणि त्याचा जन्म चाळीसचा.

पांढरकवड्याला तहसीलीसमोर झाडाखाली टेबल टाकून बसणारे किसनराव अर्ज लिहून देत. निवृत्त कारकून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी राजदीप आणि डोमाजीला समजावून सांगितलं. पुरावे निदान दोन पाहिजेत. एक, म्हाताऱ्या माणसाचा जबाब, पण त्या माणसाने स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं असलं पाहिजे. दुसरा, जमिनीवरचा काहीतरी पुरावा. जुनी विहीर, समाध्या, देवस्थान, कोरीव दगड.

"देवस्थान हाये का तुमच्या वस्तीत?" किसनरावांनी विचारलं, आणि मग स्वतःच जीभ चावली. "हं. तुमच्यात नसनच."

 परतीच्या मोटारीत डोमाजी खिडकीबाहेर पाहत बसला होता. फाटा आला तरी उठेना, तेव्हा राजदीपने त्याचा दंड धरून उतरवलं.

त्याला काय झालं होतं ते सांगायचं तर मागे जावं लागेल.

संवत छप्पनच्या, म्हणजे इंग्रजी अठराशे नव्याण्णवच्या दुष्काळात डोमाजीचा आजा सांभा नदी ओलांडून निजामाच्या मुलखातून इकडे आला. सोबत बायको, एक शेळी आणि सांगायला एवढंच की आम्ही महार, शिवेचं काम जाणतो. तेव्हा प्रत्येक गावाला शीव राखणारा माणूस लागे. कुठल्या बांधापर्यंत आपलं, कुठल्या ओढ्यापासून दुसऱ्याचं, हे त्याच्या डोक्यात असे. भांडण झालं की तो पायातलं काढून, शिवेची माती डोक्यावर घेऊन चालायचा, आणि तो चालला ती हद्द. गावाने त्याला शिवेच्या आत घर मात्र दिलं नाही. सांभाने डोहाच्या वर झोपडी टाकली, मग त्याचे भाऊबंद आले. एकोणीसशे अकरा साली सरकारी मोजणीवाले आले. रान कुठे सुरू होतं आणि वस्ती कुठे संपते ते त्यांनी सांभालाच पुढे चालवून ठरवलं. उंबराखाली कमरेएवढा दगड रोवला आणि त्याच्या पाठीवर अक्षरं कोरली.

पुढे सात वर्षांनी मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ आली. वस्तीत आणि शेजारच्या कोलामपोडावर माणसं पटापट मेली. कोणीतरी त्या दगडाला शेंदूर फासला, कोंबडं दिलं, आणि योगायोग असा की साथ ओसरली. झालं. सरकारी दगडाची मरीमाय झाली. कोरलेली बाजू उंबराच्या बुंध्याला टेकलेली होती, ती कोणाला दिसेना, आणि थोड्याच वर्षांत कोणाला आठवेनाही. मंगळवारी वस्तीच्या बाया येत, पोडावरच्या कोलाम बायाही येत. एकाच उंबराखाली दोघींचे नवस चालत.

एकोणीसशे छप्पन साली डोमाजीचा बाप सोनबा नागपूरला जाऊन आला. चालत गेला होता, आला तो ताठ मानेने. पुढच्या उन्हाळ्यात सगळ्या वस्तीने धम्म घेतला. शिवेचं काम सुटलं. बापाने शीव दाखवताना वाजवायची घुंगराची काठी डोहात भिरकावली, आणि मग देवांची पाळी आली. घराघरांतले टाक, मुखवटे गेले. शेवटी उरली मरीमाय. दोन माणसांनी ती उपटली. तिसरा होता सतरा वर्षांचा डोमाजी, वस्तीत पहिला शाळा शिकलेला. दगड आडवा झाला तेव्हा त्याने पाठीवरची माती पुसली आणि वाचलं. उंबरडोह. वस्तीची हद्द. १९११.

"बाबा, इच्या पाठीवर त सरकारी आकडा हाये."

सोनबा हसला. "मंग काय, आजवर आपून सरकारलेच नवस करून राह्यलतो."

सगळी वस्ती हसली. दगड झोके देत डोहात गेला आणि पाणी वर उडालं. डोमाजीला इतका आनंद त्याआधी कधी झाला नव्हता, नंतरही फारसा झाला नाही. तो आनंद खोटा नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. पण पोडावरच्या लोकांना विचारायला हवं होतं, हे त्या दिवशी अख्ख्या वस्तीत एकालाही सुचलं नाही. आपली जोखडं फेकताना आपल्या शेजाऱ्याचा देवही त्यात गेला, हे कोणाच्या गावीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जमनी आली. पोडावरची, पस्तिशीची, काखेत लेकरू. लेकराला ताप येत होता आणि तिने मरीमायला नवस बोलला होता. उंबराखाली खड्डा बघून ती डोहाच्या काठावर बसली, ती दुपार कलेपर्यंत. डोमाजी पाणी भरायला गेला तेव्हा तिने विचारलं, "डोमा, माय कुटी गेली?" तो म्हणाला, "दगड होता थो, मावशी. सरकारी दगड. नंबर होता त्याच्यावर." आणि हसला. सतरा वर्षांचा होता.

त्या वर्षी पावसाळ्याआधी पोडावर देवी आल्या आणि जमनीचं लेकरू गेलं. लस टोचणारा पोडावर पोचलाच नव्हता म्हणून गेलं, हे डोमाजीला तेव्हाही कळत होतं. पण त्यानंतर पोडावरचं माणूस वस्तीच्या घरात पाणी प्यायलं नाही. बाजारात जमनी दिसली की तो रस्ता बदलायचा. बावन्न वर्षं तो रस्ता बदलत आला होता.

आणि आता वस्ती वाचवायला ज्या दोन गोष्टी हव्या होत्या, त्यांपैकी एक त्याने डोहात बुडवली होती. दुसरी म्हणजे साक्ष, आणि तीसच्या आधीची ही वस्ती डोळ्यांनी पाहिलेलं एकच माणूस जिवंत होतं, ते म्हणजे जमनी.

त्याने रुखमाबाईला सगळं सांगितलं. त्याची बायको कमी बोलणारी. लग्न होऊन आली ती साठ साली, त्यामुळे यातलं तिने काही पाहिलं नव्हतं. ती तुरी निवडत होती. "दगड काढा आधी," ती म्हणाली. "मंग बाईकडे जा."

मे महिन्यात डोह सगळ्यांत आत ओढला जातो. पोरांनी सब्बल, दोर घेतले. नदीने बावन्न वर्षांत वाळू इकडची तिकडे केली होती, कुठे खणायचं ते कोणाला सांगता येईना. डोमाजी पाण्यात उतरला. उंबराच्या मुळांचं कडं आणि पलीकडच्या टेकडीतली खाच एका रेषेत धरली, सतरा पावलं मोजली आणि थांबला. ही शीव धरायची रीत आज्याची. बापाने ती टाकून दिली होती, पण टाकण्याआधी पोराला दाखवली होती. दुसऱ्या दिवशी तिथेच सब्बल वाजली.

बैलजोडी लावून दगड वर काढला. शेंदराचा एक कणही उरला नव्हता, नाक-डोळे कधी होते की नव्हते असा सपाट. डोमाजीने चिखल बोटांनी सारला. अक्षरं तशीच होती. राजदीपने मोठ्याने वाचलं आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. दोन म्हाताऱ्या बायांचे हात मात्र नकळत वर गेले आणि मग त्यांनी ते पदरात लपवले. डोमाजीने ते पाहिलं.

दगड जुन्या जागी खड्डा करून परत रोवला. पाहणीची तारीख तीन आठवड्यांनी होती. डोमाजी पोडाकडे निघाला.

पोड नदीकाठाने अर्ध्या कोसावर, मोहाच्या झाडांत. जमनी खाटेवर बसली होती. डोळ्यांत फूल पडलं होतं, हात काठीवर. तिच्या नातसुनेने खाट दिली, पण डोमाजी खालीच बसला.

"मी डोमा, मावशी. सोनबाचा."

जमनीने मान आवाजाकडे वळवली. मग म्हणाली, "नातवाले लेकरं झाले माह्या. तवा आलास तू."

त्याने कामाचं सांगितलं. घरं अकरा, जमीन, कायदा, साक्ष. सांगताना त्यालाच लाज वाटली, की माफीच्या आधी काम आलं. जमनीने सगळं ऐकून घेतलं.

"तुमची वस्ती मी लहानपनापासून पाह्यली," ती म्हणाली. "तुह्या आज्यानं मले करवंदं देल्ले हायेत. सांगाले काय? पन माय काढली म्हंते तुमी."

"काढली."

"मंग आनून दे. अथी. पोडावर. मंग पाहू."

"पाहनी होऊ दे, मावशी. दगड जाग्यावर पाह्यजे. पाहनी झाली का दुसऱ्या दिवशी बंडीत घालून आनतो."

जमनी हसली, आणि ते हसणं काही चांगलं नव्हतं. "तवा इचारलं होतं का मले, दुसऱ्या दिवशी बुडवू का म्हनून?"

त्या संध्याकाळी विहारात सगळी वस्ती बसली. राजदीप उभा राहूनच बोलत होता. किसनरावांना त्याने फोन करून विचारलं होतं. दगड पोडावर गेला तर तो पोडाचा पुरावा, तुमचा कसा? वरून म्हातारी साक्ष देईलच असं तिने कबूल केलेलं नाही. पाहू म्हणाली आहे. दोन्ही हातचं जायचं.

"अन् दुसरं," तो बापाकडे वळला, "बावीस प्रतिज्ञा तुमीच पाठ करून घेतल्या माह्याकडून. छडी घेऊन. आता तुमीच देव नेऊन बसवनार?"

 पोराचं खरं होतं. लोकांचंही खरं होतं, ते घरादाराला भीत होते. आपल्या एका जुन्या बोचणीपायी अकरा घरांची जमीन पणाला लावायचा आपल्याला काय अधिकार, हा प्रश्न डोमाजीने स्वतःलाही विचारला होता. तो मान खाली घालून चटईची काडी मोडत बसला.

तेव्हा मागून रुखमाबाई बोलली. विहारात ती कधी बोलत नसे, त्यामुळे सगळे वळले.

"तुमी सारे थ्याले दगड म्हंता ना? मंग दगड द्यायले जीव काहून जाते? अन् तिले थो देव वाटते, त तिची वस्तू तिच्याकडे जाऊन राह्यली. आपला देव देऊन राह्यलो असं ज्याले वाटते, त्यानं सांगा. त्याचं मंग पाहू."

कोणी सांगितलं नाही. राजदीप चप्पल घालून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोमाजीने बंडीत कडबा पसरला आणि बैलांना दोर लावून दगड आडवा चढवला. वस्तीतलं कोणी सोबत आलं नाही, फक्त रुखमाबाई मागे बसली, दगड हलू नये म्हणून हात लावून. पोडावर जमनीच्या नातवाने, लालसिंगने, खड्डा करून ठेवला होता. दगड उभा केला. जमनी काठी टाकून पुढे सरकली आणि दोन्ही हातांनी त्याचं तोंड चाचपू लागली. नाक शोधत होती, डोळे शोधत होती.

"काहीच नाई राह्यलं रे," ती म्हणाली.

"नदीनं नेलं, मावशी."

तिचे हात मागे गेले आणि अक्षरांवर थांबले. "हेच का थे? सरकारी?"

 एवढ्या वर्षांत ते वाक्य ती विसरली नव्हती. डोमाजीला वाटलं होतं, आपल्यालाच तेवढं आठवतं. "तवा मी हसलतो," तो म्हणाला. "हसाले नोतं पाह्यजे. तुह्या कडेवर लेकरू होतं. चुकलं माह्यं."

जमनीने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. "वाच," ती म्हणाली.

त्याने वाचलं. उंबरडोह. वस्तीची हद्द. एकोणीसशे अकरा. तिने पुन्हा वाचायला लावलं. त्याने पुन्हा वाचलं. मग ती म्हणाली, आता जा, आणि तो आला. साक्ष देईन असं ती त्या दिवशीही म्हणाली नाही. पुढचे अठरा दिवस पोडावरून काही निरोप आला नाही. वस्तीत डोमाजीशी बोलताना लोक कामापुरतं बोलू लागले. सरकीची वेळ जवळ आली होती, आणि बियाणं टाकायचं की नाही हेही कोणाला ठरवता येईना.

पाहणीला तिघं आले. एक तरुण बाई, अधिकारी, डोक्याला ओढणी बांधलेली, आणि दोघं कागदवाले. उंबराच्या मुळांपाशी रिकामा खड्डा पाहून बाईंनी विचारलं, "दगड कुठाय?"

राजदीपने बापाकडे पाहिलं. डोमाजीने सगळं सांगितलं. रोवला कोणी, देव केला कोणी, बुडवला कोणी, काढला कधी आणि दिला कोणाला. काहीच लपवलं नाही. कागदवाल्यांपैकी एकाने पेन मिटून ठेवलं. बाई मात्र खड्ड्याकडे पाहत राहिल्या.

"पोड किती दूर आहे?"

"अर्धा कोस. जुन्या हद्दीनंच वाट हाये."

"दाखवता?"

डोमाजी क्षणभर थांबला. असाच त्याचा बाप सायबांच्या पुढे चालायचा, अनवाणी, घुंगराची काठी वाजवत, मागे वळून न बघता. बापाने ती काठी ज्या डोहात टाकली, त्याच डोहाच्या काठाने आता पोरगा सायबांना हद्द दाखवायला निघणार होता. त्याने पायांतल्या चपला बघितल्या. त्या काढल्या नाहीत. "चला," तो म्हणाला, आणि बाईंच्या पुढे नाही, बरोबरीने चालू लागला. इथे ओढा, इथे पूर्वी सालईचं झाड, इथपर्यंत आमचं, असं सांगत. राजदीप मागून येत होता. बापाला हे सगळं येतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

पोडावर दगडाला ताजा शेंदूर होता. पुढची बाजू लाल, मागची तशीच उघडी, अक्षरांवर बोटही लागू दिलेलं नव्हतं. जमनी तिथेच बसली होती. बाईंनी तिचं नाव विचारलं, वय विचारलं. वय तिला सांगता आलं नाही. पण ती म्हणाली, रेतीवरून निजामाचे घोडेस्वार गेले त्या वर्षी मी बकऱ्या राखायची, आणि पहिला मोठा पूर आला तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं. वय तुम्ही लावा. किसनरावांनी शिकवलं असतं तरी असं सांगता आलं नसतं.

"उंबरडोहाची वस्ती तुम्ही लहानपणी पाहिली?"

"यायची वस्ती माह्या जन्माआंधीची. सांभाले मी पाह्यलं. त्याच्या झोपडीपुढं हे माय होती, उंबराखाली. माही माय मले घिऊन मंगळवारी तथी जाये."

कागदवाला लिहू लागला. राजदीपने दोन्ही मुठी आवळल्या होत्या, त्या सुटल्या. साक्ष झाली होती. पण जमनी थांबली नाही.

"मंग यायनं बाटगेपना केला," ती म्हणाली, आणि मग जरा थांबून शब्द बदलला. "मंग यायनं आपला धरम बदलला. अन् माय डोहात टाकली. ह्या डोमानं. मले इचारलं नाई. त्याच्यानंतर माहं लेकरू गेलं."

 कागदवाल्याने बाईंकडे पाहिलं. "हे शेवटचं सोडतो मॅडम. दाव्याशी संबंध नाही."

बाई काही म्हणायच्या आत राजदीपही पुढे सरकला. लेकराचं या दगडामुळे नाही झालं, लस मिळाली नाही म्हणून झालं, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. डोमाजीने त्याच्या दंडाला धरलं. अगदी तसंच, जसं फाट्यावर त्याने बापाला धरलं होतं.

"लिहा," डोमाजी म्हणाला. "तिनं सांगतलं तसं लिहा."

लिहिलं. जमनीचा अंगठा झाला. खाली दावेदार म्हणून डोमाजीने एक ओळ लिहून सही केली.

जमनी त्याच हिवाळ्यात गेली. वस्तीतून पोडावर मातीला गेलेल्यांत रुखमाबाई होती, डोमाजी होता, आणि थोडा मागे राजदीप. त्या दिवशी लालसिंगने दिलेलं पाणी तिघांनी घेतलं. पट्टे आले दोन हजार अकराच्या उन्हाळ्यात. अकराही घरांची नावं होती. जमीन मात्र पुरती आली नाही. खालची रेतीकडची पट्टी, डांगरवाड्यांची, कापली गेली. लोक कुरकुरले, हसले, पेढे वाटले आणि पुन्हा कुरकुरले. कापसाचं त्या वर्षीही काही खरं नव्हतं.

पट्ट्याबरोबर कागदांच्या नकला मिळाल्या. विहारात वंदना झाल्यावर सगळ्यांनी डोमाजीला म्हटलं, साक्षीचा कागद वाचून दाखवा. पोरांनाही कळू द्या, ही वस्ती कशी बसली ते. डोमाजीने चष्मा लावला आणि वाचायला लागला. सांभा, उंबर, मंगळवार. शेवटच्या दोन ओळी आल्या तशी राजदीपने हळूच म्हटलं, "बाबा, तेवढं राहू द्या."

डोमाजीने नजर वर केली नाही. "त्यानंतर मरीमाय डोमाजी सोनबा याने डोहात टाकली," तो वाचत राहिला. "मला विचारले नाही. त्याच्यानंतर माझे मूल गेले." मग तो थांबला, आणि खाली स्वतःच्या अक्षरातलं होतं तेही वाचलं. "वरील मजकूर खरा आहे. डोमाजी सोनबा, राहणार उंबरडोह."